एकवीस पानं

१

बुधवारी सकाळी सव्वानऊला पालामावशीच्या दुकानाला सील लागलं आणि अख्ख्या गल्लीनं हातातली कामं टाकून ते पाहिलं. बेकरीवाला पिठाच्या हातांनीच बाहेर आला. चांभारानं तोंडातले खिळे तोंडातच ठेवले. समोरचा केमिस्ट आपल्या काचेच्या दारात उभा राहून चुकचुकला. चुकचुकायला त्याला फार छान जमायचं.

मावशी मात्र चुकचुकणाऱ्यातली नव्हती आणि रडणाऱ्यातली तर मुळीच नव्हती. आठ बाय दहाचं ते दुकान तिला तिच्या आत्यानं दिलं होतं, आणि दुकानाबरोबर तिखट जीभही. आत फळ्यांवर बरण्या: खोकल्याला ज्येष्ठमध, पोटाला ओवा आणि बडीशेप, सर्दीला सुंठ, उचकीला वेलदोडा, भाजल्याला कोरफड. साठीला टेकलेली ही बाई पस्तीस वर्षं पाला विकत होती, म्हणून ती पालामावशी. खरं नाव तिच्या परवान्यावर असेल. गल्लीत ते कुणाला ठाऊक नव्हतं.

"मावशी, ऐका," सील लावणाऱ्या औषध खात्याच्या निरीक्षकबाई हळू आवाजात म्हणाल्या. वय पस्तिशीचं, डोळ्यांखाली झोप राहिल्याच्या खुणा, काखेत फाइल. "घड्याळवाले काका सोमवारी दुपारी बाकावर कोसळले. नाडी चाळीसच्या खाली. रक्तात कण्हेरीच्या जातीचं विष निघालं. आणि तुम्ही दिलेल्या नीलगिरीच्या पुडीत कण्हेरीची पानं सापडली. दोन्ही पानं लांबट, वाळली की सारखीच दिसतात. होते चूक."

"होते. माझ्याकडून झाली नाही."

बाईंनी फाइलमधून एक कागद काढला. "यावर सही केलीत तर नजरचूक म्हणून नोंद होईल. दुकान बंद होईल, पण पुढची भानगड नाही. नाही केलीत तर उद्या चार वाजता प्रकरण पोलिसांकडे जाईल. माणूस दगावला तर काय होईल ते मी सांगायला नको."

मावशीनं कागद वाचला. 'माझ्या हातून अनवधानाने विषारी पाने विकली गेली.' तिनं तो परत दिला, नीट घडीवर घडी जुळवून.

"सही करायला माझा हात मोडलेला नाही, बाई. पण हे खोटं आहे. मला ती पुडी दाखवा."

"पुरावा आहे तो."

"म्हणूनच म्हणते. ज्या मालासाठी मला फासावर चढवताय, तो माल मी बघायचा नाही?"

गल्लीत खसखस पिकली. निरीक्षकबाईंनी एक उसासा टाकला आणि म्हणाल्या, "चला ऑफिसात."

२

ऑफिस म्हणजे तीन टेबलं आणि फायलींचे ढिगारे. बाईंनी प्लास्टिकच्या पिशवीतली पुडी काढून पांढऱ्या कागदावर उपडी केली. मावशीनं चष्मा नाकावर चढवला आणि हात पाठीमागे बांधले.

"मी शिवत नाही. तुम्हीच करा. ते वाकडं, कोयत्यासारखं पान बाजूला घ्या. चुरगळून वास बघा. आला? ती नीलगिरी. आता हे सरळ पान. मधली शीर जाड, बाजूच्या शिरा कंगव्याच्या दातांसारख्या. वास नाही. ही कण्हेर. असे दोन ढीग करा."

बाईंनी दोन ढीग केले.

"आता मोजा."

"कशाला?"

"मोजा तर."

कण्हेरीची नऊ निघाली. नीलगिरीची एकवीस. मावशीनं डोळे मिटले आणि सकाळपासून पहिल्यांदा तिच्या छातीवरचं ओझं जरा हललं.

"बाई, वाफाऱ्याला मी एका वेळी सात पानं देते. तीन दिवसांची एकवीस. ना वीस, ना बावीस. आत्यानं छडी मारून शिकवलंय: मूठभर द्यायचं ते गुरांना, माणसाला मोजून. आता मला सांगा, मी कण्हेरीचं पान नीलगिरी समजून मोजलं असतं, तर दोन्ही मिळून किती भरली असती?"

बाईंचा हात पानांवरच थबकला. "एकवीस," त्या म्हणाल्या.

"आणि आहेत तीस. म्हणजे माझी एकवीस पूर्ण झाल्यावर कुणीतरी वर नऊ घातली. आणि दुसरी गोष्ट. माझं एकही पान कमी झालेलं नाही. ही पुडी घरात कुणी वापरलीच नाही. वाफारा घेतला नाही, मग पिणं तर लांबच."

"तुम्ही एकवीसच मोजता हे तुम्ही म्हणता. मी कसं मानायचं?"

"नका मानू! माझ्यावर विश्वास ठेवा असं मी म्हटलंच नाही. तुमच्या सीलाच्या आत, डावीकडच्या खालच्या फळीवर बांधून ठेवलेल्या पुड्या आहेत. तुम्ही सील लावल्यापासून मी आत गेलेली नाही. उघडा आणि मोजा."

बाई तशा सरळ होत्या. अर्ध्या तासानं गल्लीला पुन्हा फुकटचा खेळ मिळाला. निरीक्षकबाई दुकानाच्या जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या आणि पानं मोजत होत्या. पहिली पुडी एकवीस. दुसरी एकवीस. सहाव्या पुडीनंतर त्यांनी मोजणं थांबवलं.

"अजून एक," मावशी उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. "त्या नऊ पानांचे देठ पाहिलेत? बुडाशी गोल, जाडसर, न तुटलेले. ती पानं खुडलेली नाहीत, आपोआप गळलेली आहेत. कुंपणाखालून उचललेली. गळलेलं पान मी उचलत नाही."

बाईंनी सील पुन्हा लावलं. त्यांचा आवाज मात्र बदलला होता. "यानं तुम्ही सुटत नाही, मावशी. रक्तातलं विष खरंच आहे. ते कुठून आलं ते मला कळलं पाहिजे."

"मलाही," मावशी म्हणाली. "उद्या चारपर्यंत."

३

घड्याळवाल्यांचं घर त्यांच्या दुकानाच्या वरच होतं. जिना चढताना भिंतीवरची अकरा घड्याळं एकदम साडेबाराचा टोला देत होती आणि त्यांत एका सेकंदाचाही फरक नव्हता. माणूसच तसा होता. चहा सहाला, गोळी आठला, दुकान नऊला. दहा वर्षांत कुणी त्यांना नऊ वाजून एक मिनिटाला कुलूप काढताना पाहिलं नव्हतं.

दार त्यांच्या बहिणीनं उघडलं. गल्ली तिला ताई म्हणायची. मावशीला पाहून ती दारातच आडवी उभी राहिली.

"काय तोंड घेऊन आलात?"

"आहे तेच घेऊन आले. ताई, मी विष दिलं असतं तर इथे आले असते का? मला आत घ्या, नाहीतर इथेच जिन्यावर बसते. गुडघे दुखतात माझे, पण बसेन."

ताईनं आत घेतलं. स्वयंपाकघर आरशासारखं चकचकीत होतं. ओट्याशी जावई उभा राहून धुतलेलाच पेला पुन्हा धूत होता. हा घड्याळवाल्यांचा जावई, शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस. सासऱ्यांनी खालचं दुकान विकून आपल्याकडे राहायला यावं म्हणून तो वर्षभर मागे लागला होता आणि त्यावरून दोघांचे खटके उडालेले गल्लीनं ऐकले होते.

"काढा कोणी प्यायला?" मावशीनं विचारलं.

"दोघांनी," ताई म्हणाली. "आलं, पुदिना, बडीशेप. तुम्ही दिलेलं तेच. रविवारी आणि सोमवारी. मला काही झालं नाही."

"वाफाऱ्याची पुडी?"

"सोडलीच नव्हती. दादा म्हणाला, मंगळवारपासून घेईन."

"काढ्याचा चोथा कुठाय?"

ताईनं जावयाकडे पाहिलं. जावई लाल झाला. "मी पातेलं धुतलं. सोमवारीच. बाबांना दवाखान्यात नेल्यावर मला काही सुचत नव्हतं. मी... मला काही सुचलं नाही की मी धुतो."

मावशीनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. प्रयोगशाळेत बाटल्या असतात, आणि विष हवंच असेल तर कुंपणाखाली वाकायची त्याला गरज नव्हती. तिनं ते मनात बाजूला ठेवलं.

"ताई, दुखणं कधी सुरू झालं? कोसळले सोमवारी, ते कळलं. त्याच्या आधी काही?"

"सर्दीच तर होती. हां, चिडचिड मात्र फार करत होता. मागच्या गुरुवारपासून. भूक नाही, मळमळ. आणि म्हणे सगळ्या तबकड्या पिवळ्या पडल्यात. गिऱ्हाइकाशी भांडला, की तुमच्या घड्याळाची तबकडी उन्हात ठेवून पिवळी केलीत. ते बिचारं नवं कोरं घड्याळ होतं, पांढरंशुभ्र!"

 आत्यानं मावशीला लहानपणी कण्हेरीच्या कुंपणापाशी उभं करून सांगितलं होतं: याचं पान खाल्लेल्या माणसाला जग पिवळं दिसायला लागतं, मग हृदय मंदावतं.

"गुरुवार? नक्की?"

"नक्की. मी त्या दिवशी दळण आणलं होतं."

"आणि माझ्याकडे तुम्ही आलात रविवारी." मावशी खुर्चीत मागे टेकली. "ताई, माझा पाला या घरात शिरायच्या तीन दिवस आधी तुमच्या दादांच्या अंगात विष होतं. दुसरं काय घेतात ते?"

"हृदयाची गोळी. पण ती लहानशी, वीस वर्षं तीच. केमिस्टकाका बाटलीत भरून देतात. गेल्याच्या गेल्या रविवारी नवी बाटली आणली, आणि दादा दर रविवारी त्यातल्या सात मोजून डबीत भरतो. सात खणांची डबी आहे त्याची, घड्याळाच्या पेटीतून स्वतः केलेली."

तिनं कपाटातून बाटली काढली. मावशीनं टोपण उघडलं. तोंडाशी कापसाचा बोळा होता, दाबून बसवलेला. बोळ्याखाली गोळ्या गळ्यापर्यंत भरलेल्या.

"दोन रविवारी सात-सात काढल्या?"

"हो की."

"मग ही भरलेली कशी?"

जावयानं हातातला पेला ओट्यावर ठेवला. नळाचं पाणी तेवढं वाहत होतं.

"केमिस्टकाका सोमवारी संध्याकाळी घेऊन गेले होते ती," जावई अडखळत म्हणाला. "तपासायला. फार धावपळ केली त्यांनी. मी डॉक्टरांना सांगायला त्यांनाच विचारलं होतं, गोळी किती ताकदीची. मंगळवारी सकाळी बाटली परत आणून दिली, मग इथेच टेबलाशी बसले. आम्ही आत कपडे भरत होतो. नंतर तेच म्हणाले, त्या पुडीत काहीतरी गडबड दिसते, मी ऑफिसात कळवतो."

४

केमिस्टचं दुकान म्हणजे थंडगार काच आणि पांढरा कोट. मावशीला पाहताच तो काउंटरवरून पुढे झाला आणि स्टूल सरकवलं.

"बसा मावशी. काय हो हे नशीब! सही करून टाका. मी त्या बाईंशी बोलतो, तुमच्यासाठी शब्द टाकतो. या वयात कशाला झगडा?"

"या वयात दुसरं काय करायचं असतं?"

तो हसला. मावशी हसली नाही. तिचे डोळे त्याच्या खांद्यामागे होते. मागच्या खोलीत मोठे पत्र्याचे डबे एकाला एक लागून उभे होते, सारख्याच रंगाचे, वर चिठ्ठ्या. त्यातूनच तो सुट्या गोळ्या बाटल्यांत भरायचा. त्याही पलीकडे मागचं दार उघडं होतं, बाहेर सायकल टेकवलेली आणि सायकलीच्या बाजूला गुलाबी फुलांचं कुंपण. कण्हेर. पण कण्हेर नगरपालिकेच्या प्रत्येक बागेत असते, रस्त्यांच्या मधोमध असते. तेवढ्यावर कुणाला धरता येत नाही, हे मावशीला कळत होतं.

"घड्याळवाले एकदा माझ्याकडे ज्येष्ठमध मागायला आले होते," ती म्हणाली. "मी दिला नाही. म्हटलं, तुमची हृदयाची गोळी चालू आहे, तिच्याशी ज्येष्ठमधाचं पटत नाही. भांडले माझ्याशी. पण नाही म्हणजे नाही."

"जपता तुम्ही गिऱ्हाइकांना," केमिस्ट म्हणाला. "म्हणून तर वाईट वाटतं. असो. आता पाला पोटात जायचा थांबला आहे, विष उतरेल. दोन दिवसांत माणूस उठून बसेल बघा."

"तेच तर. दवाखान्यात फोन केला होता ताईनं आत्ता. उतरत नाहीये."

"म्हणजे?"

"नाडी परवापेक्षाही खाली. रक्तात काल होतं त्याहून जास्त निघालं आज."

केमिस्टच्या चेहऱ्यावरची ती कळवळ्याची घडी एकदम उलगडली. खाली होती निव्वळ भीती.

"शक्यच नाही!" तो म्हणाला. "आता तर... शक्य नाही!"

आत गिऱ्हाईक आलं तसा तो वळला, पण हातातला चिमटा खाली पडला आणि तो उचलायला त्याला दोनदा वाकावं लागलं.

मावशी बाहेर येऊन फुटपाथच्या कठड्यावर बसली. त्या माणसाचा धक्का खरा होता. विष थांबलं आहे अशी त्याची खात्री होती. तिचा पाला निरीक्षकबाईंच्या कपाटात होता आणि घड्याळवाले दवाखान्यात. तिथे ताईचा हात नाही, जावयाचं पातेलं नाही, डॉक्टरांनी सगळी औषधं थांबवलेली. मग हे कुठून पोहोचत होतं? तिनं बराच विचार केला. उत्तर आलं नाही आणि ती रागारागानं घरी गेली.

५

उत्तर आलं सकाळी, चहाच्या पहिल्या घोटाबरोबर, पावणेआठला. तिनं कप तसाच ठेवला आणि ताईला फोन लावला.

"ताई, ती सात खणांची डबी कुठाय?"

"दादाकडेच असेल. शर्टाच्या खिशात असते. दवाखान्यात नेलं तेव्हा..." ताई थांबली. "मावशी, काल तो नर्सवर ओरडला होता. वीस वर्षांत एक गोळी चुकवली नाही आणि तुम्ही बंद करता म्हणजे काय, म्हणून."

"किती वाजता घेतात गोळी?"

"आठला. आठच्या ठोक्याला."

मावशीनं फोन ठेवला की नाही हे तिला नंतर आठवलं नाही. पायांत येतील त्या चपला, गुडघ्यांना शिव्या, आणि समोर येईल त्या रिक्षाला आडवा हात. दवाखान्याच्या दारात पहारेकऱ्यानं अडवलं तर ती म्हणाली, "ओरडायचं ते नंतर ओरडा, आता धावा माझ्यामागे." तोही धावला.

वॉर्डात सहावा पलंग. घड्याळवाले उशीला टेकून बसले होते, चेहरा मातीच्या रंगाचा, मनगटावर घड्याळ. डाव्या तळहातात लाकडी डबी. उजव्या चिमटीत पांढरी गोळी. भिंतीवरचं घड्याळ आठला एक मिनिट कमी दाखवत होतं. ते घड्याळ बंद असतं तरी फरक पडला नसता, कारण या माणसाचं मनगटावरचं चालत होतं.

"ठेवा ती!"

"कोण? तुम्ही?" त्यांचा आवाज क्षीण, पण अकड शाबूत. "तुम्ही मला विष घातलंत आणि वर... माझी वेळ झाली आहे."

"मी कोणत्या रंगाचं लुगडं नेसलेय?"

"पिवळं. त्याचं काय?"

"पांढरं आहे हो हे," मावशी म्हणाली. "पांढरं स्वच्छ. मी तुम्हाला ज्येष्ठमध नाकारला होता, आठवतं? तेव्हाही तुम्ही मला चार शब्द सुनावले होते. आजही सुनावा. पण ती गोळी द्या माझ्याकडे. एक दिवस उशिरा घ्या. आयुष्यात एकदा उशीर करा!"

मनगटावर आठ वाजले. घड्याळवाल्यांनी घड्याळाकडे पाहिलं, गोळीकडे पाहिलं, आणि या घामाघूम झालेल्या, धापा टाकणाऱ्या बाईकडे पाहिलं. मग त्यांनी चिमटी उघडली.

६

त्या दिवशी चारच्या आधीच, दुपारी तीनला, निरीक्षकबाईंच्या ऑफिसात खुर्च्या कमी पडल्या. ताई होती, जावई होता, दवाखान्यातली तरुण डॉक्टर होती. केमिस्ट पांढरा कोट घालूनच आला होता. टेबलावर बाटली, डबी आणि पानांचे दोन ढीग.

"बोला, मावशी," निरीक्षकबाई म्हणाल्या.

"मी थोडंच बोलते. पानं एकवीसची तीस झाली, म्हणजे कण्हेर मागून घातली. पिवळं दिसायला लागलं गुरुवारी, पाला आला रविवारी, म्हणजे विष पाल्यातलं नाही. दवाखान्यात पाला नाही तरी विष वाढलं, म्हणजे ते यांच्या स्वतःच्या खिशात होतं. डॉक्टरबाई, त्या डबीतली गोळी कसली?"

"हृदयाचीच," डॉक्टर म्हणाली. "नाव तेच, रंग तोच. पण ताकद चौपट. बाटलीतल्या गोळ्या मात्र बरोबर आहेत. या दोन शेजारी ठेवल्या तर भिंगाशिवाय फरक कळत नाही. काकांची मूत्रपिंडं थकलेली आहेत, त्यांना चौपट म्हणजे रोज थोडं थोडं विषच. आणि रक्ताच्या तपासणीत ही गोळी आणि कण्हेर जवळजवळ सारखीच दिसतात. आम्हाला सांगितलं होतं की यांची गोळी अगदी सौम्य आहे. पुडीत पानं निघाल्यावर आम्ही गोळीचा विचारच सोडला. ती चूक आमची."

"डबी भरली पहिल्या बाटलीतून," मावशी पुढे म्हणाली. "ती बाटली सोमवारी घराबाहेर गेली आणि मंगळवारी तिच्या जागी दुसरी आली, कापसाचा बोळा लावलेली, गळ्यापर्यंत भरलेली. नेणारा आणि आणणारा एकच. त्याला डबीचं माहीत नव्हतं. म्हणून काल विष उतरत नाही म्हटल्यावर त्याच्या तोंडचं पाणी पळालं."

सगळे केमिस्टकडे वळले. तो हसायचा प्रयत्न करत होता.

"मी बाटली बदलली, कारण जुनीचं झाकण... आणि मी तर मदतच केली! कण्हेर मीच ओळखली!"

"तेच विचारायचंय," निरीक्षकबाईंनी फाइल उघडली. "तुमची तक्रार मंगळवारी सकाळी दहाला नोंदलेली आहे. त्यात कण्हेरीचं नाव आहे. रक्ताचा अहवाल आला चारला. तुम्हाला सहा तास आधी कसं कळलं?"

"मी पानं पाहिली ना! सोमवारीच शंका आली होती मला."

"सोमवारी?" ताई उठून उभी राहिली. तिचा आवाज चिरकला. "सोमवारी तुम्हाला विष दिसलं आणि रात्रभर तुम्ही दवाखान्याला एक फोन केला नाही?"

 या प्रश्नाला दोनच उत्तरं होती आणि दोन्ही केमिस्टला गोत्यात आणणारी होती. तो खाली बसला. कोटाच्या बाह्या त्याला अचानक लांब व्हायला लागल्या.

"डबे शेजारी शेजारी होते," तो म्हणाला. "हात चुकला. मी मुद्दाम नाही केलं हो! सोमवारी बाटली पाहिली तेव्हा चूक कळली. वाटलं, बाटली बदलली की ते बरे होतील. कुणाचंच काही जाणार नाही."

"माझं गेलं असतं," मावशी म्हणाली.

"तुम्ही सही केली असती तर थोडक्यात मिटलं असतं. पाल्याचं दुकान ते, मावशी. माझ्यावर चार माणसं अवलंबून आहेत. अजूनही... तुम्ही म्हणालात की गैरसमज झाला, तर बाई ऐकतील तुमचं. एका चुकीपायी मला आयुष्यातून उठवू नका."

  मावशीला त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून अधिकच संताप आला.

"चुकीपायी नाही. हात कुणाचाही चुकतो. सोमवारी तुम्ही धावत दवाखान्यात गेला असतात आणि म्हणाला असतात की माझ्या हातून चौपट गेली, तर तुमच्या दारात गल्ली दगड घेऊन आली असती ना, तिच्यासमोर मी उभी राहिले असते. तुम्ही कुंपणाखाली वाकलात. नऊ पानं वेचलीत. तेवढा वेळ होता तुमच्याकडे. तेवढ्या वेळात माणूस मरत होता. मी गैरसमज म्हणणार नाही. शब्दही मागे घेणार नाही."

७

शुक्रवारी सकाळी निरीक्षकबाईंनी स्वतःच्या हातानं सील काढलं. घड्याळवाल्यांची नाडी साठावर आली होती आणि ते नर्सला वेळेवरून बोलू लागले होते, म्हणजे माणूस सुधारत होता. केमिस्टच्या काचेच्या दाराला आता कुलूप होतं. बेकरीवाला उगाचच येऊन मावशीची फळी पुसून गेला. दोन दिवस तो तिच्याकडे बघत नव्हता.

"एवढी एक सही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी छापील अर्ज पुढे केला. "दुकान पुन्हा उघडण्याचा. नेहमीचाच आहे."

मावशीनं चष्मा चढवला. अर्जात लिहिलं होतं: 'माझ्या दुकानातील सर्व वनस्पती पूर्णपणे निरुपद्रवी असून त्यांपासून कोणालाही अपाय होत नाही.'

तिनं अर्ज परत दिला.

"आता काय झालं?" बाई जवळजवळ रडकुंडीला आल्या.

"हेही खोटं आहे."

"मावशी! हे तुमच्या बाजूचं खोटं आहे!"

"माझी बाजू खोट्यावर उभी करायची असती तर बुधवारीच सही केली असती. बाई, माझ्या बरणीतला ज्येष्ठमध त्या घड्याळवाल्याला आठ दिवस दिला असता तर त्याचं काय झालं असतं, डॉक्टरांना विचारा. सोनामुखी जास्त झाली की माणूस जुलाबांनी दोन दिवस उठत नाही. गरोदर बाईला मी निम्म्या बरण्यांना हात लावू देत नाही. अपाय करू शकत नाही ते गुणही देत नाही. हा पाला आहे म्हणून बिनधास्त खा, असं सांगणारे आणि पाला आहे म्हणून फेकून द्या, असं सांगणारे, दोघांशी माझं वाकडं आहे. लिहा तसं."

"मग अर्ज मंजूर होणार नाही. वर पाठवावा लागेल. महिना लागेल, दोन लागतील. आणि नाहीही मिळाला परवाना."

 पस्तीस वर्षं. दोन महिने बंद म्हणजे अर्धा माल किडणार. मावशीनं फळ्यांकडे एकदा पाहिलं.

"पाठवा वर," ती म्हणाली. "मी थांबते."

निरीक्षकबाई उंबऱ्यावर उभ्याच राहिल्या. मग त्यांनी पेनाचं टोपण दातांनी काढलं, छापलेली ओळ आडवी खोडली आणि वर स्वतःच्या अक्षरात लिहू लागल्या. "सांगा. काय लिहू?"

"लिहा, हे औषध आहे आणि ते चौकशी केल्याशिवाय मिळणार नाही."

बाईंनी तसंच लिहिलं, खोडलेल्या ओळीशेजारी स्वतःची सही केली आणि अर्ज मावशीपुढे धरला. "वरच्यांनी विचारलं तर मला विचारतील." मावशीनं पूर्ण नावानं सही केली. निरीक्षकबाईंनी ते नाव आज पहिल्यांदा नीट वाचलं.

तेवढ्यात एक उंचपुरा गृहस्थ दुकानापुढे आला. गल्लीतला नव्हता. घाईत होता.

"खोकल्यावर काहीतरी द्या. स्ट्राँग द्या."

"कुठल्या गोळ्या चालू आहेत तुमच्या?"

"तुम्हाला काय करायचंय? पाला द्यायचा तो द्या ना."

"मग दुसरं दुकान बघा."

गृहस्थानं निरीक्षकबाईंकडे पाहिलं. त्या मान खाली घालून कागद आवरत होत्या. त्यानं रस्त्याकडे पाहिलं, घड्याळात पाहिलं, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. शेवटी खिशात हात घालून गोळ्यांची दोन पाकिटं काढली आणि फळीवर ठेवली. मावशीनं ती उचलली, उजेडाकडे धरली आणि सावकाश वाचायला लागली.